घरट्यांची छायाचित्रे स्पर्धेत नसावीत
इंदूरच्या मेघदूत उद्यानातील आपल्या सकाळच्या पक्षिनिरीक्षणाला छायाचित्रस्पर्धेची जोड द्यावी, ही सूचना मला पटते. मात्र घरट्यांची आणि पिलांची छायाचित्रे स्पर्धेत घेऊच नयेत, असे सुचवावेसे वाटते. कोळिष्टके आणि सालपटे गुंफून केलेले शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचे लोंबते घरटे लांबून नुसता अडकलेला पालापाचोळा वाटते, आणि तेच त्याचे संरक्षण असते. चांगल्या चौकटीसाठी कोणी आडवी येणारी फांदी बाजूला सारली, की ते कावळ्यांच्या आणि टकाचोर पक्ष्याच्या नजरेस पडते. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला समोर आणण्याचा प्रकारही, निदान विणीच्या काळात तरी, बंद असावा. त्यापेक्षा फळलेल्या वडा-उंबराजवळ ऊन पाठीशी घेऊन उभे राहावे. तांबट पक्षी तिथे आपण होऊन येतो आणि त्याच्या कपाळावरचा लाल ठिपका कोवळ्या उन्हात उत्तम टिपता येतो. कॅमेरा नसलेल्यांना दर फेब्रुवारीतील 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जागतिक पक्षिगणनेत किमान १५ मिनिटांच्या निरीक्षणाची यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवता येईल. पाणपक्ष्यांसाठी अर्थातच सिरपूर तलाव गाठावा (हिवाळ्यात तिथे बदकांपेक्षा कॅमेरेच अधिक दिसतात, हा भाग वेगळा). इंदूरजवळच्याच यशवंत सागर जलाशयासह तो २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला आहे.