मदत हवी आहे: फास्टिंग गॅस्ट्रिन ४८०, पण पॅन्टोप्राझोल चालू होती

धागाकर्ती:
आईचं (वय ५८) फास्टिंग गॅस्ट्रिन (जठराला आम्ल सोडायला लावणारं हार्मोन, उपाशीपोटी मोजलेलं) ४८० पीजी/एमएल आलंय. लॅबची वरची मर्यादा १००. पॅन्टोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारी गोळी) रोज चालू आहे, तपासणीच्या सकाळीही घेतली होती. गॅस्ट्रिनोमाबद्दल (गॅस्ट्रिन बनवणारी गाठ) वाचून घरात सगळे धास्तावलेत. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर गोळी थांबवून पुन्हा तपासावं का? आणि हे गॅस्ट्रिन नेमकं बनतं कुठे?

आमसूल:
गोळी आपल्या मनाने थांबवू नका, हे आधी. खरंच गॅस्ट्रिनोमा असला तर अचानक थांबवल्यावर अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो.

गॅस्ट्रिन बनतं जठराच्या शेवटच्या भागात, म्हणजे अँट्रममधल्या जी-पेशींत. थोडं ड्युओडेनममध्येही, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला. आम्ल वाढून पीएच (आम्ल जितकं जास्त तितका हा आकडा कमी) ३ च्या खाली गेला की शेजारच्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन हे रोखणारं हार्मोन सोडून जी-पेशींना आवरतात. पॅन्टोप्राझोलने आम्लच घटतं, हा लगाम सुटतो आणि गॅस्ट्रिन चढतं. ४८० चं सगळ्यात साधं कारण हेच असू शकतं. जठररसाचा पीएच कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. गॅस्ट्रिन १००० च्या वर आणि पीएच २ च्या खाली असेल, तर गॅस्ट्रिनोमाचा संशय पक्का होत जातो.

पुन्हा तपासायचं ठरलंच तर गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि मधल्या काळात फॅमोटिडिन (आम्ल कमी करणारी दुसरी गोळी) द्यायची का, हे डॉक्टरच ठरवतील. १०-१२ तास कडक उपास हवा. प्रथिनांनी गॅस्ट्रिन वाढतं, म्हणून दुधाचा घोटभर चहासुद्धा नको. नमुना लगेच वेगळा करून गोठवतात का, हे लॅबला विचारा. बाहेर राहिला तर आकडा खोटा कमी येतो.

पेशीपाठ:
बी-१२ किती आहे?

धागाकर्ती:
१४२, कमी आहे. शाकाहारी आहे म्हणून असेल, असं सांगितलं होतं.

पेशीपाठ:
असेलही, पण तेवढ्यावर सोडू नका. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच जठरावर उलटते तो आजार) जठराच्या वरच्या व मधल्या भागातल्या पॅरायटल पेशी झिजतात. आम्लही त्याच बनवतात आणि बी-१२ शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टरही. अँट्रममधल्या जी-पेशी मात्र शाबूत राहतात, त्यामुळे गॅस्ट्रिन हजारापारही जातं. फरक इतकाच की तिथे पीएच चढा असतो.

एंडोस्कोपी झाली तर अँट्रम आणि बॉडी (जठराचा मधला भाग), दोन्हीकडची बायोप्सी वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवायला सांगा. एकाच बाटलीत गेली की झीज नेमकी कुठे आहे ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. सोबत अँटी-पॅरायटल सेल अँटिबॉडीबद्दल विचारा. आम्ल मुळात बनतच नसेल, तर पॅन्टोप्राझोल कशासाठी चालू आहे, हेही.