सेस्नाचं नाक डावीकडे जातं ते टॉर्कमुळेच का?

नवा_पायलट_नागपूर

राम राम मंडळी. सोनेगावला सेस्ना १५२ वर शिकून राहिलो, आत्ता कुठं १४ तास झाले. फुल थ्रॉटल दिला की विमान सेंटर लाइन सोडून डावीकडे सरकतं, आणि वर चढतानाही नाक डावीकडेच जात राहतं. सर पेनानं काचेवर टकटक करून पॅनलवरच्या नळीतला चेंडू दाखवतात (विमान तिरकं सरकलं की तो मध्यापासून बाजूला जातो), उजवा पाय दे, उजवा पाय, म्हणजे शेपटीचा रडर फिरवणारं उजवं पेडल दाब. कारण विचारलं तर सगळे एकच शब्द सांगतात, टॉर्क, म्हणजे फिरणाऱ्या प्रोपेलरमुळे विमानाला बसणारा उलटा पीळ. पण मला ते पटून नाही राहिलं. आत बसून पाहिलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं विमानानं डावीकडे कलंडायला पाहिजे, डावा पंख खाली जायला पाहिजे. नाक काहून वळतं?

काटोलचा_बागायतदार

भाऊ मी काही पायलट नाही, माझी संत्र्याची बाग आहे, पण टॉर्क मी रोज पाहतो. बोअरमधला सबमर्सिबल पंप चालू केला की त्या क्षणाला पाइपाला उलट्या दिशेनं एक हिसका बसतो, वर क्लॅम्पपाशी हात ठेवला तर पीळ हाताला कळतो. त्यासाठीच पंपाच्या वर रबराचा टॉर्क अरेस्टर बसवतात, नाहीतर पाइप पिळून पिळून केबल बोअरच्या भिंतीला घासते आन् सोलून निघते. आमच्या पंपाला धरायला भिंत तरी आहे, तुमच्या विमानाला हवेत कोण धरते?

जुना_इन्स्ट्रक्टर

काटोलवाल्या भाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. हवेत धरायला फक्त पंखच असतात, आणि ते आरामात धरतात. १५२ चं इंजिन ११० हॉर्सपॉवरचं, २५५० आरपीएमला. गणित केलं तर टॉर्क येतो साधारण ३०७ न्यूटन-मीटर, आणि पंखाचं टोक मध्यापासून ५ मीटरवर आहे, म्हणजे डाव्या पंखाच्या टोकाला सव्वासहा किलोची किराण्याची पिशवी लटकवल्यासारखं झालं. तेवढं ओझं एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला वर-खाली हलणाऱ्या फळीच्या, थोड्याशा दाबानं सांभाळलं जातं. म्हणून तुझी शंका रास्त आहे बाळा, नाक वळण्यात टॉर्कचा वाटा आहे पण तो आडून येतो. जमिनीवर असताना डावं चाक जास्त दाबलं जातं, जास्त घासतं, म्हणून विमान डावीकडे ओढलं जातं. हवेत तू डावा पंख उचलायला उजवा एलेरॉन देतोस तेव्हा डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, तिथं ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो आणि नाक अजून डावीकडे.

खरा जोर दुसऱ्या दोघांचा. प्रोपेलरची हवा सरळ मागं जात नाही, गोल गोल फिरत बॉडीला वेढा घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या फिनवर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. स्पीड कमी आणि पॉवर फुल असेल तेव्हा हा वेढा सगळ्यात घट्ट. दुसरं म्हणजे पी-फॅक्टर. नाक वर असलं की उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात कापतं, जास्त ओढतं, म्हणजे विमान जणू उजव्या खांद्यानं पुढं ओढलं जातं आणि नाक डावीकडे वळतं. टेकऑफनंतरच्या चढाईत दोन्ही एकत्र येतात म्हणून तिथं पाय सगळ्यात जास्त लागतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. नाक डावीकडे गेलं म्हणून स्टिअरिंगसारखं उजवीकडे एलेरॉन धरून ठेवू नको, नुसता पाय दे. चेंडू बाहेर असताना फुल पॉवरमध्ये स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल गेली, तर डावा पंख आधी पडतो आणि स्पिनची (गरगरत खाली पडण्याची) सुरुवात होते, कमी उंचीवर ते सावरायला वेळच मिळत नाही.

बाल्सा_आणि_गोंद

आम्ही आरसी (रिमोटनं उडवायच्या) मॉडेलवाले हे इंजिन बसवतानाच निस्तरतो. मोटर दोनेक डिग्री उजवीकडे तोंड करून लावायची, राइट थ्रस्ट म्हणतो आम्ही त्याला. आणि विमान मोठं म्हणजे टॉर्कची चिंता कमी असं समजू नका राजेहो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाचं इंजिन टेकऑफला साधारण १५०० हॉर्सपॉवरचं, गिअरमुळे प्रोपेलर त्याच्या निम्म्याहून कमी वेगानं फिरायचा, म्हणजे टॉर्क १५२ च्या वीस पटीहून जास्त आणि पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी १५२ पेक्षा फक्त मीटरभर जास्त. लँडिंगच्या वेळी कमी स्पीडला एकदम थ्रॉटल खोलला तर ते विमान पायलटच्या हातातून उलटायचं. टायगर मॉथ या जुन्या ट्रेनर विमानाचं जिप्सी मेजर इंजिन मात्र उलटं फिरतं, म्हणून ते उजवीकडे ओढतं आणि तिथं डावा पाय लागतो.

नवा_पायलट_नागपूर

सगळ्यांना धन्यवाद, जीव लावून समजावलं तुम्ही. काल सरांना विचारून सर्किटच्या (विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) बाहेर ट्राय केलं. फुल पॉवरनं चढताना पंख लेव्हल ठेवले आणि दोन्ही पाय पेडलवरून काढले, चेंडू हळूहळू उजवीकडे सरकून अर्धा बाहेर. क्रूझला (सरळ सपाट उड्डाणाला) आणलं, चेंडू जवळपास मध्ये. मग थ्रॉटल पूर्ण मागं घेऊन ग्लाइड केला तर चेंडू थोडासा डावीकडे! असं काहून?

जुना_इन्स्ट्रक्टर

शाबास, हे स्वतः पाहिलंस ते फार छान केलंस. रडरच्या मागच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती जमिनीवरच वाकवून क्रूझसाठी सेट केलेली असते. पॉवर काढली की डावीकडची ओढ संपते पण पट्टी आपलं काम करतच राहते, म्हणून ग्लाइडमध्ये डावा पाय. उद्या प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीला) शेपटीपाशी जाशील तेव्हा बघ ती, हातानं मात्र वाकवू नको.