कास्ट 'चालतंय' म्हणजे बरोबर आहे असं नाही
सी भाषेत पॉइंटर कास्ट करणं म्हणजे एका प्रकारच्या डेटाचा पत्ता दुसऱ्याच प्रकारचा मानून वाचणं. काही जण म्हणतात, 'पॉइंटर कास्ट करून फ्लोट (दशांश आकडा) वाचतो, आजवर कधी बिघडलं नाही.' हे मला अजिबात पटत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही भट्टीचं तापमान दाखवणारा डिस्प्ले केला होता. मॉडबसवरून (कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल) १६-१६ बिटांची दोन रजिस्टरं यायची, ती अ‍ॅरेत भरायची आणि त्याच पत्त्यावर फ्लोट पॉइंटर लावून आकडा वाचायचा. टेबलावर ओ-झीरोला, म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद असताना, सगळं चोख. ओ-टूचा, म्हणजे वेगासाठी ऑप्टिमाइझ केलेला, बिल्ड भट्टीजवळ लावला, तर आकडा कायम एक वाचन मागे! दोन दिवस आम्ही केबल आणि अर्थिंग तपासत होतो. शेवटी कंपायलरने तयार केलेली असेंब्ली उघडली, तेव्हा दिसलं की फ्लोट आधी वाचला जातोय आणि रजिस्टरं नंतर भरली जातायत. हा कंपायलरचा बग नव्हे. १६ बिटांचा इंटिजर आणि फ्लोट एकाच जागी नसणार, असं धरायची मुभा सी स्टँडर्डच देतं आणि जीसीसी हा कंपायलर ओ-टूपासून ती वापरतो.

उपाय मेमकॉपी, म्हणजे रजिस्टरांचे बाइट फ्लोट व्हेरिएबलमध्ये कॉपी करणारं फंक्शन. वेग जाईल ही भीती नको, चार बाइटांची मेमकॉपी ओ-टूला बहुधा एका लोड सूचनेवर येते, फंक्शन कॉल उरतच नाही. लिनक्स कर्नल ही मुभा बंद करणारा नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग फ्लॅग लावून बिल्ड होतं हे खरं, पण त्या फ्लॅगने अलाइनमेंटचा (डेटा ठरावीक पटीच्या पत्त्यावरच असण्याचा) प्रश्न सुटत नाही. कॉर्टेक्स एम-झीरो या छोट्या प्रोसेसरवर विषम पत्त्यावरून फ्लोट वाचायला गेलात की थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक पकडतो आणि प्रोग्राम तिथेच अडकतो.