डोक्याला मार लागल्यानंतर कोपर आखडलंय, काय करावं? सल्ला हवा

प्रवरेकाठची
धाकट्या भावाचा बाइकवरून अपघात झाला. हेल्मेट नव्हतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता घरी आणलाय. माणसं ओळखतो, बोलत नाही, नाकात नळी आहे. डावं कोपर वाकलेलंच राहतं. घरी येणारे फिजिओ जोर लावून सरळ करतात तेव्हा घामाघूम होतो, डोळ्यांत पाणी येतं. हात लावला तर कोपर गरम लागतं, थोडं सुजलंयही. ‘आखडलंय, मोकळं करावंच लागेल’ म्हणतात. खरंय का? आणि एअर बेड घ्यावा की वॉटर बेड?

खडूफळा
ताई, आधी तो जोर थांबवा. मी न्यूरो फिजिओ आहे. मेंदूला इजा झाली की स्नायू कडक होतात, ते खरंच. पण कोपर गरम आणि सुजलेलं असेल तर दुसरी शंका घ्यायला हवी. अशा पेशंटमध्ये कधी कधी सांध्याभोवतीच्या स्नायूंत चक्क नवीन हाड धरू लागतं. हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. खुबा आणि कोपर इथे जास्त. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर गप्प बसू नका. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (नवीन हाड बनताना वाढतं ते) आणि गरज पडली तर बोन स्कॅन, याबद्दल डॉक्टरांशी बोला. हात हलवणं बंद करायचं नाही, पण दुखेल तिथे थांबायचं. सांधा अगदीच जखडला तर ते हाड पुढे ऑपरेशनने काढता येतं.
एका पायाची पोटरी सुजली तर मालिश अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

निवांत_बंड्या
एअर बेड घ्या. पण तो घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, साधारण दर दोन तासांनी बदलायचीच. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात बघा. लाली दाबूनही जात नसेल तर तिथे जखम होऊ घातलीय.

सुगरण_नाही
भेटायला येणारे मायेने चमचाभर चहा पाजतात, तेवढं सांभाळा. गिळणं तपासून होईपर्यंत तोंडाने काही नाही. घोट फुफ्फुसात गेला तरी काही पेशंटना ठसकासुद्धा लागत नाही, कळतं ते न्यूमोनिया झाल्यावर. नळीतून भरवताना पाठ उंच, नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच.

प्रवरेकाठची
सगळ्यांचे आभार. फिजिओंना सांगितलं, रागावले. उद्या हाडाच्या डॉक्टरांकडे नेतोय. कवटीचं हाड काढून पोटात कातडीखाली जपून ठेवलंय, नंतर परत बसवणार, ते सांगायचं राहिलं. डोक्याच्या ज्या बाजूचं हाड काढलंय त्या कुशीवर झोपवलं तर चालेल?

खडूफळा
नाही. हाड नाही त्या बाजूवर दाब नको, बसवताना-उठवताना हेल्मेट घाला. तो भाग एरवी मऊ लागतो. फुगून घट्ट झाला, उलट्या किंवा गुंगी वाढली, फिट आली, तर थेट न्यूरोसर्जनकडे. आणि फिटची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.
फिजिओ मात्र बदला.