सल्ला हवा: एसएसडी बसवल्यापासून जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली आहे

गोदाकाठ:
नमस्कार. घरच्या डेस्कटॉपमध्ये १ टीबीची साडेतीन इंची हार्डडिस्क आहे. संगणक फारच संथ झाल्यामुळे नुकतीच ओळखीच्या तंत्रज्ञांकडून ५०० जीबीची एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य फलकावर बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घेतली. त्यांनी विंडोज नव्याने न टाकता जुन्या डिस्कवरून क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. संगणक आता झटकन सुरू होतो. परंतु जुनी डिस्क 'धिस पीसी'मध्ये कुठेच दिसत नाही. तिच्या डी आणि ई या भागांत घरचे फोटो, आईच्या शस्त्रक्रियेचे अहवाल आणि आमच्या सोसायटीचे हिशेब आहेत. कॅबिनेटला हात लावल्यावर डिस्क फिरत असल्याचे जाणवते. डिस्क जुनी असल्याने 'गेली' असावी आणि डेटा काढण्यासाठी पुण्याला पाठवावी लागेल, असे तंत्रज्ञांचे म्हणणे आहे. पाठवण्यापूर्वी घरी काय तपासावे? आणि ती यूएसबीवर जोडून पाहायची झाल्यास कोणते साधन घ्यावे?

तारयंत्र:
एसएसडी बसली त्याच वेळी डिस्क निकामी झाली, हा योगायोग अशक्य नसला तरी तो सर्वांत शेवटी मानावा. प्रथम डिस्क कोणत्या पायरीवर नाहीशी होते ते ठरवा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि सॅटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) उपकरणांच्या यादीत डिस्कचे नाव येते का ते पाहा. तेथे नाव नसेल, तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दोष केबल, पोर्ट (केबल जोडण्याची जागा), वीजपुरवठा किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशात तरी आहे. तेथे नाव असेल, तर डिस्क बहुधा ठीक असून प्रश्न विंडोजचा आहे.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय मदरबोर्डच्या पोर्टवर आहे. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखादा सॅटा पोर्ट यांची अंतर्गत वाट एकच असते आणि स्लॉटमध्ये एसएसडी बसली की तो पोर्ट आपोआप बंद होतो. काही बोर्डांवर हे केवळ सॅटा प्रकारच्या एम.२ एसएसडीमुळे घडते, काहींवर एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारामुळेही घडते. कोणता पोर्ट बंद होतो हे बोर्डागणिक बदलते, म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मॅन्युअल उतरवून स्टोरेजचा तक्ता वाचावा; तेथे ही गोष्ट बहुधा बारीक अक्षरांतील टीपेत दडलेली असते. मॅन्युअल मिळाले नाही, तर संगणक बंद करून, भिंतीवरील बटणही बंद करून, डेटा केबलचे मदरबोर्डकडील टोक दुसऱ्या सॅटा पोर्टमध्ये घालून पाहा.

डिस्क फिरते यावरून वीज पोहोचते एवढेच कळते. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, तर डेटा सात पिनांच्या वेगळ्या केबलने जातो आणि कॅबिनेटमध्ये हात घालून काम करताना ती केबल किंचित सैल होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी. विंडोजने 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' असे विचारले, तर खिडकी बंद करावी. डिस्कवर काहीही लिहिले जाईल अशी कृती, त्यात चेकडिस्कही (विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन) आली, डेटा दुसरीकडे घेतल्यावरच करावी.

सह्यवारा:
साधनाबद्दल सांगतो. अडीच इंची लॅपटॉप डिस्कसाठी मिळणारी साधी सॅटा-यूएसबी केबल घेऊ नका. ती यूएसबीचे ५ व्होल्टच देते आणि त्यावर आपली डिस्क फिरणार नाही. स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला डॉक (डिस्क त्यात बसवून यूएसबीने जोडण्याचे साधन) घ्या. तो पुढेही उपयोगी पडतो, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. एकसारखी घरघर असेल तर काळजी नाही, परंतु ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत असेल, तर वाचणारे हेड अडखळत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे घातक असते आणि मग खरोखरच जाणकाराकडे पाठवणे योग्य.

गोदाकाठ:
आपण दोघांचेही आभार. आवाज एकसारखाच आहे. तंत्रज्ञांनी एसएसडी सॅटा प्रकारची बसवली आहे आणि मॅन्युअलच्या टीपेत नेमका आमचाच पोर्ट बंद होत असल्याचे लिहिले आहे. केबल शेजारच्या पोर्टमध्ये घातल्यावर बायोसमध्ये डिस्कचे नाव आले. मात्र विंडोजमध्ये डी आणि ई अजूनही नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये (विंडोजच्या डिस्क हाताळण्याच्या साधनात) 'डिस्क १' आहे, परंतु तिच्यापुढे 'ऑफलाइन' असे लिहिले आहे.

तारयंत्र:
मग पुण्याची खेप वाचली म्हणायची. 'ऑफलाइन' या शब्दावर माऊसचा बाण नेल्यास कारण दिसेल आणि ते बहुधा 'सिग्नेचर कोलिजन' असेल. विंडोज प्रत्येक डिस्क तिच्यावर लिहिलेल्या एका ओळखक्रमांकाने ओळखते. क्लोन करणारी काही सॉफ्टवेअर हा क्रमांकही जसाच्या तसा उतरवतात, त्यामुळे एकाच शिधापत्रिकेवर दोघे दुकानात उभे राहावेत तशी स्थिती होते आणि विंडोज दोहोंपैकी एका डिस्कला बाहेर थांबवते.

'डिस्क १' या नावावर उजवी क्लिक करून 'ऑनलाइन' निवडा. विंडोज त्या डिस्कला नवा क्रमांक देते. तेवढाच बदल तिच्यावर लिहिला जातो, फाइलींना धक्का लागत नाही. याचा एक परिणाम ठाऊक असावा: जुन्या डिस्कवरील विंडोज त्यानंतर दुरुस्तीशिवाय सुरू होईलच असे नाही. आपल्याला ती नको आहे, त्यामुळे हरकत नाही. मात्र हे करण्यापूर्वी बायोसच्या बूट क्रमात (संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा त्या क्रमात) एसएसडी पहिली आहे याची खात्री करून घ्या, कारण जुनी डिस्क पुन्हा दिसू लागताच काही बायोस तिलाच वर चढवतात. तसे झाले तर जुन्या डिस्कवरचीच विंडोज चालू होईल आणि ऑफलाइन दिसणारी डिस्क प्रत्यक्षात नवी एसएसडी असेल. ऑनलाइन केल्यावरही एखाद्या भागाला अक्षर मिळाले नाही, तर त्यावर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून ते द्यावे.

अनुस्वार:
डिस्क दिसली म्हणून ती निरोगी आहे असे समजू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्याच्या वर असेल, तर सर्वांत मोलाच्या फाइली आधी उतरवाव्यात. सी७ मात्र बहुतेक वेळा केबलचा दोष दाखवते; तो आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही, म्हणून तो वाढतो आहे का एवढेच पाहावे. हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (सोळा अंकांच्या मोजणी पद्धतीत) दिसतात, त्यामुळे '१०' दिसले तर ते सोळा समजावे, किंवा सेटिंगमधून दशमान पद्धत निवडावी.

गोदाकाठ:
कारण 'सिग्नेचर कोलिजन' हेच होते. ऑनलाइन करताच दोन्ही भाग आपापल्या अक्षरांसह परत आले. ०५, सी५ आणि सी६ शून्य आहेत. सी७ मध्ये थोडी नोंद आहे, म्हणून डेटा केबल नवी आणली आहे. आईचे अहवाल आणि सोसायटीचे हिशेब पेनड्राइव्हवर घेतले, फोटो डॉक आल्यावर दुसऱ्या डिस्कवर घेईन.

माजघर:
याच विषयाला धरून विचारते. माझ्या अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना डिस्कची यादी रिकामी येते. बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते. येथेही ऑफलाइनचाच प्रकार असेल का?

तारयंत्र:
नाही, ही गोष्ट वेगळी आहे. या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर (ती ओळखण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर) नसल्यास यादी रिकामी राहते. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही अनेक जण देतात, परंतु आधीची विंडोज अजून हवी असेल तर तो मानू नका. ती सुरू होणे बंद होऊ शकते.