संगीत नाटकाचं ऑडिओ वर्णन: पद चालू असताना बोलायचं कुठे?

पडदा_वर (प्रश्न)
आमचं हौशी मंडळ 'संगीत सौभद्र' बसवतंय, मध्यंतरं धरून साडेतीन तास. एका प्रयोगाला २५ दृष्टिहीन प्रेक्षक येणार आहेत, त्यांच्यासाठी कानात थेट वर्णन द्यायचंय. गद्यातल्या मोकळ्या जागा सापडतात. पदात मात्र बोललं तर गाणं बुडतं आणि गप्प बसलं तर रंगमंचावर काय चाललंय ते कळत नाही. दुसरं, यंत्रणा कोणती घ्यावी? टूर गाइडवाले संच (एक ट्रान्समीटर, प्रत्येकाला छोटा रिसीव्हर) भाड्याने मिळतायत, कुणी मोबाइल ॲप सुचवतंय. आणि वर्णन आधीच रेकॉर्ड करून ठेवलं तर चालेल का?

आवर्तन१६
शेवटच्यापासून सुरू करतो. रेकॉर्डिंग नको. नट एक तान जास्त घेणार, टाळ्या पडणार, कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडणार. तिसऱ्या पदापर्यंत तुमची फाइल आणि नाटक यांची फारकत झालेली असेल. संहिता लिहूनच ठेवा, पण मिनिटं-सेकंद न घालता. प्रत्येक वाक्याच्या डावीकडे त्याच्या आधीचा शब्द किंवा हालचाल लिहा, तोच इशारा.

आता पद. मराठीत कानाला सोसेल असा वेग म्हणजे सेकंदाला दोन शब्द. त्रितालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, १६ मात्रांचं, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते ८ सेकंदांचं होतं. ओळ संपल्यावर ऑर्गन एक आवर्तन भरतो तिथे पहिला सेकंद सोडा, मुखडा (पदाची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ) उचलण्याआधीचे दोन सोडा. उरले पाच, म्हणजे दहा शब्द. लय १६० झाली की आवर्तन ६ सेकंदांचं, हातात सहा शब्द. त्याच लयीत केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन ३ सेकंदांत संपतं, तिथे तोंड उघडूच नका.

मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा, तानेवर आणि समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) बोलायचं नाही. तीच ओळ तिसऱ्यांदा आली आणि त्याच वेळी कुणी विंगेतून आत आलं, तर बोललेलं चालतं, कारण शब्द ऐकून झालेले असतात. सर्वांत उपयोगी जागा पदाच्या आधीची आहे. गायक सूर लावून घेतो त्या तीन-चार सेकंदांत सांगून टाका: 'पद संपेपर्यंत दोघं झोपाळ्यापाशीच.' मग ऐकणाऱ्याला आपलं काही निसटतंय अशी धास्ती राहत नाही.

केबलगुंडाळ्या
यंत्रणेबद्दल. ॲपच्या नादी लागू नका. दृष्टिहीन माणसाच्या फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज चालू असतो, तो नेमका वर्णनाच्या मध्ये 'बॅटरी वीस टक्के' म्हणतो. फोन आला की सगळंच तुटतं. टूर गाइड संच घ्या, पण २.४ गिगाहर्ट्झचा (फोनचं वाय-फाय, ब्लूटूथ याच लहरींवर चालतं) असेल तर भरल्या थिएटरचा विचार करा: रिकाम्या सभागृहात सुरेख चालतो, सहाशे फोन आत आले की खरखरतो. यूएचएफ संच (बिनतारी कॉलर माइकही बहुधा याच लहरींवर असतात) असेल तर सगळे कॉलर माइक चालू ठेवून तपासा, नाहीतर वर्णनात नारद ऐकू येईल. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरचा एफएम ट्रान्समीटर परवान्याशिवाय लावायचा नाही, कुणी 'सोपं आहे' म्हणालं तरी.

ट्रान्समीटरला फक्त वर्णनकाराचा आवाज द्या. नाटकाचा आवाज त्यात मिसळलात तर सभागृहातला आणि कानातला असा तोच सूर दोनदा पोचतो आणि गाणं फुटकं वाटतं. इअरफोन एकाच कानाचा, आकड्यासारखा अडकणारा. कोणत्या कानात हवा ते विचारून घ्या, एखाद्याचं श्रवणयंत्र असतं. २५ जणांना २९ रिसीव्हर ठेवा. चॅनेलच्या बटणावर चिकटपट्टी आणि आवाजाच्या चकतीवर हाताला लागेल असा ठिपका.

नेहमीची चूक: मिक्सरचं लाइन आउट, म्हणजे जोरकस सिग्नल, ट्रान्समीटरच्या क्षीण सिग्नलसाठी असलेल्या माइक इनपुटला जोडतात. आवाज फाटतो, आणि मग लोक वर्णनकाराला 'हळू बोल' म्हणत बसतात!

कानसेन_पेठ
एक मूलभूत शंका. गाणं ऐकायला वर्णन हवंच कशाला? अंध माणसाचे कान आपल्यापेक्षा तयार असतात.

आवर्तन१६
अंध म्हणून कान आपोआप तयार होत नाहीत, रियाजाने होतात. पण तुमचं अर्धं बरोबर आहे. ख्यालाच्या मैफलीत सुरुवातीला दोन मिनिटं पुरतात: कोण कुठे बसलंय, तानपुरे किती, तबला कोणत्या हाताला. नंतर वाद्य पुन्हा जुळवायला का थांबले, एवढंच. राग-ताल तर सांगूच नका, ऐकणाऱ्याला ते तुमच्या आधी कळलेलं असतं. बैठकीच्या लावणीत मात्र उलटं. अर्धी लावणी हातात आणि नजरेत असते, आणि ती घुंगरांतून ऐकू येत नाही. संगीत नाटक या दोन्हींच्या मधलं.

विंगेतली_ताई
भाषेबद्दल थोडं, कारण सगळे तिथेच घसरतात. 'सुभद्रा अतिशय दुःखी होऊन महालात उभी आहे' हे वर्णन नाही, ही समीक्षा झाली. 'सुभद्रा पाठमोरी. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते.' सात शब्द, साडेतीन सेकंद, आणि दुःख ऐकणाऱ्याला आपसूक समजतं. क्रियापदं वर्तमानकाळी. डावं-उजवं प्रेक्षकांच्या बाजूने, नटांच्या नाही. कृष्ण 'येतो' की 'येतात' ते पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. रंग गाळू नका, अनेकांची दृष्टी नंतर गेलेली असते.

'सौभद्र'मध्ये खास पेच वेषांतराचा. बलरामाला यती खराच वाटतो, प्रेक्षकांना मात्र तो अर्जुन असल्याचं ठाऊक असतं. म्हणून वर्णनात त्याला अर्जुनच म्हणा, 'यतीच्या वेषात' हे एकदाच. ज्या नाटकात प्रेक्षकही फसलेला असतो तिथे वर्णनकाराने नाव फोडायचं नाही.

नेपथ्य, पोशाख, पात्रं यांचं दहा-बारा मिनिटांचं ध्वनिमुद्रण दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. हे मात्र रेकॉर्ड केलेलंच बरं. प्रयोगात मग मुकुटाचं वर्णन करत बसावं लागत नाही. आणि प्रयोगाआधी तासभर रंगमंच हाताने पाहू द्या, एका वेळी आठ जण: मुकुट, यतीची छाटी, कमंडलू, ऑर्गनचा भाता. पात्रांनी आपापल्या आवाजात नाव आणि एक वाक्य बोलावं, पुढे आवाज ओळखायला तेच कामाला येतं.

तालमीच्या व्हिडिओवरून लिहा. दहा मिनिटांच्या प्रवेशाला दोन-तीन तास धरा. लिहून झालं की एका दृष्टिहीन जाणकाराला रंगीत तालमीला बसवा. तो 'हे कशाला सांगितलं?' म्हणेल ती वाक्यं निर्दयपणे कापा.

पडदा_वर
मनापासून आभार. एकच अडचण उरली: काचेची खोली नाही. लाइटवाल्याची खोली आहे, तिला उघडी खिडकी आणि खाली शेवटची रांग.

केबलगुंडाळ्या
मग खिडकीचा मोह सोडा. वर्णनकाराला मेकअपच्या खोलीत बसवा. बाल्कनीच्या कठड्यावर एक स्थिर कॅमेरा, पूर्ण रंगमंच दिसेल असा, आणि मॉनिटरपर्यंत केबल. व्हिडिओ कॉलवर चित्र मागे पडतं आणि इशारे चुकतात. एचडीएमआय लांब केबलला दगा देतं, एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ जोडणी) घ्या. अंधार झाला की स्वयंचलित एक्स्पोजर चित्र पांढरं करतं, तेव्हा एक्स्पोजर हाताने बांधून ठेवा. नाटकाचा आवाज वर्णनकाराच्या एका कानात, दुसरा मोकळा. माइक हेडसेटचा, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं. अगदी समोर धरला तर प्रत्येक 'प' आणि 'फ' कानात फुटतो. आणि दार लावून बाहेर एक माणूस उभा करा, रंगपटात कुणीतरी चहा विचारायला येतंच.