शिकागोची १९६९ची आघाडी: फसली की चिरडली?

रानवारा:
शिकागोतल्या तीन संघटनांची ही आघाडी. ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचा फ्रेड हॅम्प्टन वयाच्या विशीत ज्या गोऱ्या पोरांना भेटला, त्यांच्या जाकिटांवर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा होता. हे यंग पेट्रियट्स. अ‍ॅपलॅचियाच्या डोंगरांत खाणकाम आटलं म्हणून त्यांची कुटुंबं शिकागोच्या अपटाऊन भागातल्या पडक्या इमारतींत आलेली. तिसरे यंग लॉर्ड्स, म्हणजे शहरातल्याच लिंकन पार्क वस्तीतून 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली हुसकावले जाणारे, पोर्तो रिको बेटावरचे पोर्तो रिकन. पँथरांचा बॉब ली अपटाऊनच्या सभेत गेला, तो वर्णद्वेषावर प्रवचन द्यायला नव्हे. पोलिसांचा जाच कसा होतो, हे त्याने त्यांनाच सांगायला लावलं. आघाडी अशीच जुळते, आधी मनं शुद्ध करून घेऊन नाही. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांनी हॅम्प्टनला त्याच्या घरात ठार केलं. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवलेला. हॅम्प्टन जगला असता तर शहराचं राजकारण बदललं असतं.

चिमटा:
आत्याबाईला मिशा असत्या तर! १९८३ची शिकागोच्या महापौरपदाची निवडणूक बघा. एरवी डोळे मिटून डेमोक्रॅटला मत देणाऱ्या शहरात हॅरोल्ड वॉशिंग्टन हा डेमोक्रॅटांचा काळा उमेदवार उभा राहिला, तर बहुसंख्य गोरे रिपब्लिकन एप्टनकडे वळले. घोषणा काय, तर 'उशीर होण्याआधी एप्टन'. वॉशिंग्टन निवडून आल्यावरही ५० पैकी २९ नगरसेवक त्याच्या आडवे. अपटाऊनची चार पोरं म्हणजे शिकागो नव्हे.

रानवारा:
पण तो जिंकला ना? काळ्यांची एकगठ्ठा मतं, जोडीला लॅटिनो आणि मिशिगन तळ्याकाठच्या वस्त्यांतले थोडे गोरे. यंग लॉर्ड्सचा होजे 'चा चा' हिमेनेझ त्याच्या प्रचारात होता. बहुसंख्य गोरे कशाला हवेत? पुरेसे मिळाले की झालं.

उंबरा:
मला पेट्रियट्सच्या जाकिटांवरचा तो झेंडाच खटकतो. समजून घ्यायचं ओझं दरवेळी मार खाणाऱ्यावर का? हा वाद आपल्याला नवा नाही. ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर १९७२ला मुंबईत निघाली. तिच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया सगळ्यांना घेतलं, आणि तिचे नेते नामदेव ढसाळ आणि राजा ढाले यांच्यात बिनसलं ते वर्ग की जात, मार्क्स की आंबेडकर यावरूनच. आंबेडकरांची बाजू घेणाऱ्या ढाल्यांची भीती मला अगदीच खुळी वाटत नाही. सगळे गरीब एक म्हटलं की ज्याचा प्रश्न सर्वांत जुना, तोच मागे पडतो.

रानवारा:
पडू शकतो. पण मे १९६९मध्ये यंग लॉर्ड्सनी स्वस्त घरांसाठी मॅककॉर्मिक सेमिनरी या पाद्री घडवणाऱ्या संस्थेची इमारत ताब्यात घेतली, तेव्हा पेट्रियट्स पाठीशी उभे राहिले. पोर्तो रिकन लोकांचा प्रश्न तिथे मागे पडला नाही.

चिमटा:
आणि पुढे? पेट्रियट्सच्या वस्तीत ट्रुमन कॉलेज आलं, लोकांची घरं गेली. दरवेळी खबरे नि बंदुका लागत नाहीत हो. भाडं वाढवा, इमारती पाडा, सभासद आपोआप पांगतात. म्हणून म्हणतो, सगळा दोष एफबीआयच्या माथी नको.

रानवारा:
त्याच जागेसाठी तिथल्या लोकांनी 'हँक विल्यम्स व्हिलेज' नावाची स्वतःची वस्ती आखून दाखवली होती. पालिकेने ती नाकारली. हे 'आपोआप' कसं?